जुन्या कोंबड्यांत नव्या तलंगा सोडताना

नवी मुंबईतल्या घणसोली गावठाणातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरामागे 12 बाय 8 फुटांचा जाळीचा आडोसा, त्यात लाकडी खुराडं. सहा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा, सगळे दोन वर्षांपासून एकत्र. बाजारातून अडीच-तीन महिन्यांच्या चार तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, आणल्या आणि रविवारी सकाळी थेट आत सोडल्या. दुपारपर्यंत एकीचं डोकं रक्ताळलं, दोघी खुराड्यामागच्या सांदीत जाऊन बसल्या आणि चौथीच्या नाकातून पाणी यायला लागलं. मोठ्या कोंबड्या त्यांना दाण्याजवळ फिरकू देत नाहीत. शेजारी म्हणतात, दोन दिवसांत सगळं आपोआप जुळतं. थांबू का वेगळ्या काढू, असं त्या विचारतात.

ताई, वेगळ्या काढा, आणि उद्यावर ढकलू नका. अंधार पडला की चौघींना उचला. रात्री कोंबडीला नीट दिसत नाही, त्यामुळे पळापळ न होता हातात येतात. जिचं डोकं फुटलंय तिची जखम कोमट मिठाच्या पाण्याने पुसा, पोव्हिडोन आयोडीन लावा आणि सुकल्यावर वरून जेंशन व्हायोलेटचा जांभळा थर द्या. हा जांभळा रंग औषधाइतकाच महत्त्वाचा. रक्त दिसलं की कोंबड्या त्याच जागी चोच मारत राहतात, एरवी शांत असलेलीसुद्धा त्यात सामील होते. हळद लावायला माझी हरकत नाही, पण हळदीखालून लाल दिसतच राहतं. आपल्याकडच्या दमट हवेत उघड्या जखमेवर माशा बसतात आणि बघता बघता अळ्या पडतात. म्हणून सकाळ-संध्याकाळ पिसं बाजूला करून बघायचं. माशा बसू न देणारं मलम गुरांच्या औषधांच्या दुकानात मिळतं. कातडी सोलून हाड दिसत असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. आणि नाकातून पाणी येणारी तलंग बाकी तिघींपासूनही वेगळी ठेवा. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

शेजारी म्हणतात त्यात तथ्य आहेच. कोंबड्यांमध्ये कोण वर आणि कोण खाली याची उतरंड असते. नॉर्वेच्या थोरलिफ शेल्डेरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्या न्याहाळून 1921 च्या सुमारास ती पहिल्यांदा शास्त्रीय पद्धतीने मांडली. कोणी कोणाला टोचायचं, दाण्यावर आधी कोण, दांडीवर कुठे कोण बसणार, हे एकदा ठरलं की रोज भांडावं लागत नाही. नवे पक्षी आले की ते सगळं पुन्हा ठरवावं लागतं, म्हणून थोडं टोचणं होणारच. ते पूर्णपणे थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. पण जोडी बरोबरीची असेल तरच ते लवकर मिटतं. तीन महिन्यांची तलंग आणि दोन वर्षांची अंगाने भरलेली कोंबडी यात बरोबरी नाही. ती हरणार हे ठरलेलंच आहे. मग प्रश्न एवढाच उरतो, की हरल्यावर तिला बाजूला व्हायला जागा आहे का. तुमच्या आडोशात सध्या नाही. सांदीत जाऊन बसलेल्या त्या दोघींना तिथे सुरक्षित वाटतंय असं समजू नका. त्यांची कोंडी झाली आहे.

माझ्या पाहण्यात नव्या तलंगा नुसत्या चोचीने क्वचितच दगावतात. त्या जातात उपासाने, तहानेने आणि आजाराने. दिवसभर भांड्यापासून हाकलली गेलेली तलंग संध्याकाळी खुराड्यात गेलेली दिसते, मालकाला वाटतं जमलं सगळं. चार-पाच दिवसांत ती पिसं फुगवून, पंख पाडून बसायला लागते. मग लोक औषध शोधतात, आणि मूळ कारण असतं रिकामं पोट. हे ओळखायची साधी रीत आहे, ती आजपासूनच सुरू करा. रात्री सगळ्या बसल्या की एकेका तलंगेला हळूच उचला, छातीच्या वर, गळ्याच्या बुडाशी उजव्या बाजूला बोटांनी चाचपा. तिथे अन्नपिशवी असते. पोटभर खाल्लं असेल तर ती भरलेली, मऊ आणि बोटाखाली दाणे सरकणारी लागते. उपाशी असेल तर कातडीची रिकामी घडी हाताला येते. मग छातीचं हाड चाचपा. दोन्ही बाजूंनी मांस भरलेलं हवं, हाड सुरीच्या धारेसारखं वर आलेलं नको. ओळीने दोन रात्री अन्नपिशवी रिकामी लागली तर ती तलंग कळपातून बाहेर काढायची, मग दिवसा सगळं कितीही शांत दिसत असो.

आता नाकाचं पाणी. बाजारातून आणलेला पक्षी निदान तीन आठवडे, जमलं तर चार, वेगळा ठेवावा, असं मी प्रत्येकाला सांगतो. गावठाणात घराला घर लागलेलं, वेगळी जागा कुठली, असं लगेच ऐकायला मिळतं. गच्ची असेल तर गच्ची, नसेल तर पुढचा ओटा, पण मागच्या आडोशाला लागून नको. काम करताना आधी जुन्यांचं दाणापाणी, मग नव्यांचं. वेगळी चप्पल, वेगळं भांडं, मधे साबणाने हात. तुमच्या चौघी दिवसभर जुन्यांत राहून आल्या, म्हणजे जे पसरायचं ते थोडंफार पसरलं असेल. तरी वेगळं करण्याचा फायदा आहेच, फक्त आता लक्ष दोन्हीकडे ठेवावं लागेल. शिंका, डोळ्यात फेस, डोळ्याखाली सूज, श्वास घेताना घरघर यांतलं काही दिसलं तर तो श्वसनाचा जुनाट आजार असू शकतो. त्यातून बऱ्या झालेल्या कोंबड्या बहुधा जंतू अंगात घेऊनच राहतात आणि पुढे ताण आला की पुन्हा पसरवतात. म्हणून ही तलंग चार दिवसांत टुणटुणीत झाली तरी लगेच मिसळू नका, आधी पशुवैद्यकाला दाखवा. दुकानातून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणून पाण्यात घालू नका. जुन्या कोंबड्यांना औषध दिलंत तर किती दिवस अंडी खायची नाहीत हेही डॉक्टरांना विचारायला हवं, आणि बहुतेक जण नेमकं तेच विचारायचं विसरतात.

धोका उलट बाजूनेही असतो, आणि तो लोकांच्या ध्यानात येत नाही. तुमच्या जुन्या कोंबड्या धडधाकट दिसतात, पण त्यांच्या विष्ठेत रक्ती हगवणीच्या जंतूंची अंडी असतात. त्यांना सवय झालेली असल्याने काही होत नाही. पिंजऱ्यात कोरड्या भुशावर वाढलेली तलंग पहिल्यांदाच त्या मातीत पाय ठेवते, जे दिसेल ते टोचते आणि आठवड्याभरात तिची विष्ठा रक्ताळते. ओल आणि ऊब मिळाली की हे जंतू जोरात वाढतात. म्हणून आडोशातली जमीन कोरडी ठेवणं हा निम्मा इलाज. खुराड्यात तांदळाच्या तुसाची किंवा लाकडाच्या भुशाची तीन-चार इंच गादी करा, रोज उलटीपालटी करा, भिजलेली जागा खरवडून टाका आणि पाण्याचं भांडं विटेवर उंच ठेवा. रक्त दिसलंच तर विष्ठेचा नमुना घेऊन दवाखाना गाठा. पाण्यातून द्यायचं अँप्रोलियम हे औषध वेळेत मिळालं तर बहुतेक वाचतात.

मरेक्स या पक्ष्याला लुळं पाडणाऱ्या विषाणूच्या आजाराचंही तसंच. जुने पक्षी तो विषाणू पिसांच्या कोंड्यातून हवेत सोडत असतात आणि स्वतः मात्र ठणठणीत असतात. साधारण दीड महिन्यापासून पाच महिन्यांपर्यंतच्या तलंगा त्याला बळी पडतात. एक पाय पुढे, एक मागे, अशी लुळी पडलेली तलंग पाहिली असेल तुम्ही. त्याची लस पिल्लू अंड्यातून निघाल्यावर पहिल्याच दिवशी हॅचरीत देतात, नंतर देऊन विशेष उपयोग नाही. म्हणून घेतानाच विचारायचं. रस्त्यावर गुलाबी-हिरव्या रंगात बुडवून विकतात ती पिल्लं मी मुळीच घेऊ नका म्हणतो. ती बहुतेक नर असतात, लसीचा पत्ता नसतो आणि लहान मुलाच्या हट्टापायी घरात आलेला आजार सगळ्या कळपाला भोवतो. पिल्लं सरकारी केंद्रातून घेता आली तर उत्तम. गोरेगावला आरे कॉलनीत केंद्र सरकारची केंद्रीय कुक्कुट विकास संघटना आहे, पुण्याजवळ खडकीला राज्याचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तिथे जातीची आणि लसींची माहिती नीट मिळते.

मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस तुमच्या तलंगांना झाली आहे का हे विकणाऱ्याला अजूनही विचारा. लासोटा ही राणीखेतची एक लस पहिल्या आठवड्यात, पुढे महिन्याच्या आसपास पुन्हा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ही राणीखेतचीच दुसरी, देवीचीही साधारण त्याच वयात, असा आपल्याकडे रिवाज आहे. अडचण अशी की कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची येते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. चार तलंगांसाठी कोण फोडणार? म्हणून गावठाणातल्या पाच-सहा घरांनी एक दिवस ठरवून एकत्र लस करून घ्यावी. लस बर्फात आणायची, उन्हात उघडी ठेवायची नाही. आणि ज्या पक्ष्याला सर्दी आहे त्याला त्या दिवशी लस नको. लस केलेल्या आठवड्यात नव्या-जुन्यांची मिसळही नको. एका वेळी एकच ताण.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ठाण्याजवळ येऊरच्या पाड्यांत गेलात तर तिथे ही भांडणं फारशी दिसणार नाहीत. कोंबड्या झाडाखाली, कुंपणाच्या कडेने दिवसभर मोकळ्या हिंडतात. नवी तलंग आली, कोणी अंगावर गेलं, ती दहा पावलं पळाली, विषय संपला. आपण तीच कोंबडी जाळीत घेतो तेव्हा ती दहा पावलं काढून घेतो. तुमच्या आडोशाचं क्षेत्र 96 चौरस फूट, पक्षी अकरा, म्हणजे प्रत्येकीला पावणेनऊ चौरस फूट. हे पुरेसं आहे, सैल मात्र नाही. म्हणून जागा कशी वापरायची याला जास्त महत्त्व.

वेगळं ठेवण्याची मुदत संपली की आडोशाच्या आतच 12 फुटांच्या बाजूला 4 फुटांवर आडवी जाळी घाला. तलंगांना 32 चौरस फूट मिळतील, जुन्यांना 64. मोठ्या भोकांची पातळ षटकोनी जाळी इथे नको. मान बाहेर काढून टोचता येतं, आणि घुशी ती सहज फाडतात. अर्ध्या इंची वेल्डेड जाळी घ्या, खाली वीतभर जमिनीत गाडा. नवी मुंबईच्या गावठाणांत मांजरापेक्षा घूस आणि मुंगूस जास्त नुकसान करतात, आणि तात्पुरती जागा नेहमी कच्ची बांधली जाते म्हणून नेमका तिथेच घाला पडतो. तलंगांना रात्री झोपायला त्यांच्या बाजूला बंद पेटी द्या, वर छप्पर असू द्या. कावळे आणि घारी एवढ्या मोठ्या तलंगेला सहसा नेत नाहीत, पण घाबरवतात.

या जाळीतून दोन्ही बाजूंनी एकमेकींना बघायचं, ऐकायचं, शेजारी शेजारी खायचं. दोन आठवडे तरी द्या. दोन्हीकडची दाण्याची भांडी मुद्दाम जाळीला चिकटवून ठेवा. पहिले काही दिवस जुन्या कोंबड्या मानेची पिसं फुलवून जाळीवर धडका मारतील. मग एक दिवस दिसेल की जाळीच्या अलीकडे एक मोठी धूळ अंगावर घेत पसरली आहे आणि पलीकडे हातभर अंतरावर तलंग डोळे मिटून बसली आहे. मी मोजत असतो ते दिवस नव्हेत, मी या दृश्याची वाट बघतो. ते दिसलं नाही तर तिसरा आठवडा घ्या.

याच काळात खाद्य एक करून टाका. अंड्यावरच्या कोंबडीच्या लेअर खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, वाढत्या तलंगेला जेमतेम एक टक्का लागतं. जास्तीचं कॅल्शियम तिच्या मूत्रपिंडांवर बसतं, आणि हे नुकसान महिन्यांनी दिसतं. म्हणून सगळ्यांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं खाद्य आणि मोठ्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात. घरात तिसऱ्यांचं कालवण होतं तेव्हा त्यांच्या शिंपल्या टाकू नका. धुवा, उन्हात कडक वाळवा, खलबत्त्यात जाड कुटा. जिला गरज आहे ती खाते, तलंगा त्याकडे सहसा ढुंकून बघत नाहीत. तुम्ही नुसती तांदळाची कणी आणि उरलंसुरलं अन्न घालत असाल तर या दोन महिन्यांत तरी तेवढ्यावर भागणार नाही. वाढीच्या वयात प्रथिनं कमी पडली की पिसं नीट येत नाहीत आणि एकमेकींची पिसं उपटायची खोड लागते. बिनमिठाचा सुका जवळा बाजारात मिळतो, तो मूठभर मिसळा. खारवलेली मासळी मात्र अजिबात नको.

मिसळायच्या आदल्या दिवशी आडोशाची मांडणी बदला. खुराडं शक्य असेल तर थोडं फिरवून लावा, दांडी हलवा, दोन नव्या वस्तू ठेवा. जागा सगळ्यांनाच थोडी अनोळखी झाली की जुन्यांचा हक्क सैल पडतो. मग आडोसे. भाजी मार्केटातले प्लास्टिकचे क्रेट, जुना दरवाजा, फळ्या, बांबूचं तट्टं, काहीही चालेल, पण प्रत्येकाला दोन बाजूंनी बाहेर पडता आलं पाहिजे. सांदीत एकच तोंड असेल तर तो सापळा होतो. खुराड्यामागची ती सांद आजच बुजवा, नाहीतर दीड फूट मोकळी करा. एक क्रेट उपडा घालून विटांवर इतकाच उचला की तलंगा खालून जातील आणि मोठ्या कोंबड्या अडतील. चार-साडेचार इंचांवर करून बघा आणि तुमच्या कोंबड्यांप्रमाणे कमीजास्त करा. आत दाणा आणि पाणी ठेवा. तलंगा हे घर एका दिवसात शिकतात. दाण्याची भांडी तीन करा, पाण्याची दोन, आणि ती अशी ठेवा की एका भांड्याशी उभ्या असलेल्या कोंबडीला दुसरं भांडं दिसणार नाही. या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा कशानेच पडत नाही. एक वरचढ कोंबडी एकाच वेळी दोन ठिकाणी राखण करू शकत नाही.

मिसळ करायची ती सुट्टीच्या दिवशी, दुपार कलल्यावर. कडक उन्हात नको, कारण तापलेली कोंबडी चोच उघडून धापा टाकत असते आणि तिला पळवणं जिवावर बेतू शकतं. संध्याकाळचे दोन-अडीच तास एकत्र, आणि अंधार पडल्यावर पुन्हा आपापल्या जागी. मधली जाळी काढून टाकू नका, कोपऱ्यातला एक भाग उघडा. कोबीचा गड्डा सुतळीने टांगा, पालेभाजीच्या जुड्या विखरून टाका. मोठ्या त्यात गुंततात. तुम्ही तिथेच बसा, हातात काही काम घेऊन, पण मधे पडू नका. प्रत्येक टोचण्यावर काठी घेऊन धावलं की उतरंड ठरतच नाही आणि उद्या तेच भांडण पुन्हा पहिल्यापासून. पाठलाग, एखादी चोच, मान फुगवून उभं राहणं, तलंगेने मान खाली घालून सटकणं, हे सगळं चालू द्या. मधे पडायचं ते रक्त आलं तर, एकीवर दोघी-तिघी तुटून पडल्या तर, किंवा पळून जाणाऱ्या तलंगेचा पिच्छा कोणी सोडतच नसेल तर. रोज वेळ वाढवत न्या. आठवडाभर दिवसभर बरं चाललं की रात्रीचं बघू.

रात्री तलंगा दांडीवर गुपचूप ठेवून द्यायच्या, सकाळी जुन्यांना वाटतं या इथल्याच, असा सल्ला सर्रास दिला जातो. मी त्यावर भरवसा ठेवत नाही. कोंबड्या एकमेकींना तोंडावरून आणि तुऱ्यावरून ओळखतात. पहाटे उजेड झाला की ओळखलं जातं, आणि त्या वेळी खुराड्याचं दार बंद असतं, तुम्ही झोपेत असता. जाळीतली ओळख आधी झालेली असेल तर मात्र रात्री ठेवणं ही चांगली शेवटची पायरी आहे. तेव्हा आठ-दहा दिवस पहाटे उजाडायच्या आत खुराड्याचं दार उघडायचा नेम ठेवा. दांडीवर एका कोंबडीला साधारण आठ इंच लागतात, अकरा पक्ष्यांना म्हणजे साडेसात फूट. एका दांडीत बसत नसेल तर दोन दांड्या एकाच उंचीवर लावा. उंच-सखल लावल्या की वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी मारामारी. अंडी घालायची खोकी संध्याकाळी फळी लावून बंद करा. दांडीवरून हाकललेल्या तलंगा तिथे झोपायला जातात, रात्रभर घाण करतात आणि एकदा लागलेली ती सवय सुटत नाही.

तुमच्या सहा जणींपैकी सगळ्यात जास्त कोण त्रास देतं, ते नीट बघा. लोकांना वाटतं कळपातली राणी असेल. मला बहुतेक ठिकाणी उतरंडीच्या तळाजवळची कोंबडी आढळते, जिला आजवर सगळ्यांनी टोचलं आणि आता कुणीतरी खाली मिळालंय. अशी एकच असेल तर तलंगांना काढू नका, तिला काढा. तीन-चार दिवस नजरेआड ठेवा. तेवढ्यात बाकीच्यांची घडी बसते आणि ती परत येते तेव्हा तिलाच जागा शोधावी लागते. पंधरा-पंधरा दिवस मात्र ठेवू नका, नाहीतर तीच परकी होऊन बसेल.

कोंबडा असणं तुमच्या फायद्याचं आहे. चांगला कोंबडा मोठ्या कोंबड्यांची भांडणं मधे पडून थांबवतो आणि दाणा दिसला की नव्यांनाही हाक मारतो. पण तलंगा अजून लहान आहेत. तो त्यांच्यावर चढायला बघत असेल तर पाठीची कातडी फाटते, तेव्हा दोन महिने त्याला दिवसा आलटून पालटून बाहेर ठेवा. आणि तुमच्या चौघी खरंच चौघी आहेत ना, हे आता तपासा. तीन महिन्यांना तुरा मोठा आणि लालभडक, मानेवर आणि शेपटीशी निमुळती चकचकीत पिसं, पाय जाड, अशी एखादी असेल तर तो नर आहे. एवढ्याशा जागेत दुसरा कोंबडा ठेवू नका.

वेळेचंही सांगतो. पावसाळ्यात मिसळ टाळा. चिखल, कोंदटलेलं खुराडं, दिवसचे दिवस बाहेर पडता येत नाही, त्यात रक्ती हगवण. एप्रिल-मेचा उकाडाही वाईट. आपल्याकडे दिवाळीनंतर शिमग्यापर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. पाऊस तोंडावर असेल तर तलंगांना त्यांच्या भागात जाळीआडच वाढू द्या. महिना-दोन महिने उशीर झाल्याने काही बिघडत नाही. उलट तेवढ्यात त्या अंगाने मोठ्यांच्या जवळ येतात, आणि बरोबरीच्या असल्या की निम्मं काम झालेलं असतं.

पुढच्या खेपेला तलंगा विकत आणण्याऐवजी तुमच्याच कोंबडीला खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसू द्या, असं मी आवर्जून सुचवेन. गावठी कोंबडीसारखी आई दुसरी नाही. दहा-बारा अंडी तिच्याखाली, एकविसाव्या दिवशी पिल्लं. पहिले काही दिवस तिला पिल्लांसकट डालग्याखाली, पण बाकीच्यांच्या नजरेसमोर ठेवायचं. नंतर ती स्वतःच त्यांना घेऊन फिरते आणि जी जवळ येईल तिच्यावर झडप घालते. दीड-दोन महिन्यांनी ती पिल्लांना तोडते, तोवर त्यांना कळपातले नियम ठाऊक झालेले असतात. बाहेरची पिल्लं हवी असतील तर एक-दोन दिवसांची आणून रात्री खुडूक कोंबडीच्या पंखाखाली सरकवता येतात. आपल्या अंड्यांची पिल्लं निघायच्या वेळीच हे करायचं. आठवड्याचं पिल्लू ती बहुधा पत्करत नाही, तीन महिन्यांच्या तलंगेचा तर प्रश्नच नाही.

आणि नव्यांची भर कधीच एकटीदुकटीने घालू नका. एका तलंगेवर सगळ्यांचा रोख जातो, तीन-चार असल्या की तो वाटला जातो. तुमच्यातली ती आजारी तलंग उशिरा बरी झाली आणि बाकी तिघी आधीच रुळल्या तर तिच्याबरोबर त्या तिघींपैकी एकीला चार दिवस जाळीमागे ठेवा आणि दोघींना जोडीने सोडा.

या सगळ्यात कोणतीही कोंबडी अचानक दगावली, आणि विशेषतः एकामागून एक पटापट मरतूक झाली, तर ती भांडणाची मरतूक समजू नका. फेब्रुवारी 2022 मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीला बर्ड फ्लू आला होता आणि आसपासचे हजारो पक्षी नष्ट करावे लागले होते. मेलेली कोंबडी उघड्या हाताने कापून बघायची नाही, खाडीत किंवा कचराकुंडीत टाकायची नाही. हातात पिशवी घालून उचला, बंद करा आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

सगळं जमलं तरी जुन्या कोंबड्यांची अंडी थोडे दिवस कमी होतील. खाद्य बदललं, घडी मोडली, त्याचा परिणाम होतोच, घाबरू नका. तलंगांचे तुरे लाल व्हायला लागले, म्हणजे गावठीत सहा महिन्यांच्या आसपास, की भांडणाची आणखी एक छोटी फेरी येते, कारण आता त्या वरची जागा मागायला लागतात. त्या वेळी आडोसे आणि जास्तीची भांडी जागच्या जागी असू द्या. अंड्यांसाठी चार-पाच कोंबड्यांमागे एक खोकं हवं, म्हणजे तुम्हाला तोवर दोनाची तीन करावी लागतील. शेवटच्या तलंगेने पहिलं अंडं दिलं की सगळ्यांना पुन्हा लेअर खाद्यावर आणा, आठवडाभरात थोडं थोडं मिसळत.